स्पीड डायलवरून फॅक्स जात नाही, हाताने नंबर दाबला की जातो! असं का?

चिपाड | १२ नोव्हेंबर २०१२, सकाळी ११.४०

मंडळी मदत हवीये आणि जरा लवकर हवीये. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ऑफिसात लागलोय, दोनच महिने झालेत. हंगाम सुरू झाला आणि रोज सकाळी आदल्या दिवसाचा गाळप अहवाल, म्हणजे ऊस किती टन गाळला, पोती किती, साखरेचा उतारा किती, हे सगळं फॅक्स करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पुण्याला साखर आयुक्तालय, कोल्हापूरला सहसंचालकांचं ऑफिस, मुंबईला साखर संघ, शिवाय बँक. मशीनवर उजवीकडे बटणांच्या रांगा आहेत, एकेका बटणात एकेक नंबर भरलेला, वर प्लॅस्टिकचं झाकण आणि त्याखाली नावांची कागदी पट्टी. आधीचे क्लार्क रिटायर होताना सांगून गेले की बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं.

तर चहा पिऊन आलो की मशीनने चिठ्ठी काढून ठेवलेली असते, नो रिस्पॉन्स. तोच नंबर वहीत बघून हाताने दाबला की एका दमात जातो. पुण्याचं बटण मी पुसून परत भरलं, तरी तेच. कोल्हापूरचं बटण तर भलतीकडेच लागतं. एक नंबरच्या बटणाला मात्र हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे त्यामुळे ते मी बघितलेलं नाही. एमडी साहेब रोज विचारतात, अहवाल गेला का? काय करू?

ईमेल_करा_ना | १२ नोव्हेंबर, ११.५२

ईमेल करा ना.

चिपाड | १२ नोव्हेंबर, ११.५५

ईमेल पण करतो हो, पण सहीशिक्क्याचा कागद पाहिजे असतो, स्कॅनर एकच आहे आणि तो अकाउंटला. शिवाय नेट दुपारी येतं.

स्क्रूड्रायव्हर | १२ नोव्हेंबर, दुपारी १.१०

पुण्यात ऑफिस मशीन रिपेअरिंगचं काम करतो, पंधरा वर्षं झाली. आधी एक सांगा, फॅक्स डायरेक्ट लाईनवर आहे का ईपीएबीएक्समधून, ऑफिसातल्या छोट्या एक्सचेंजमधून? म्हणजे बाहेर फोन लावताना आधी शून्य दाबून लाईन घ्यावी लागते का?

चिपाड | १२ नोव्हेंबर, १.२५

हो, शून्य दाबून लाईन घेतो, मग पुण्यासाठी ०२० आणि पुढचा नंबर. बटणात मी तसंच भरलंय, ००२० आणि पुढे नंबर.

स्क्रूड्रायव्हर | १२ नोव्हेंबर, १.४८

मग सापडलं. तुम्ही हाताने लावता तेव्हा काय करता बघा. शून्य दाबता, एक क्षण थांबता, बाहेरच्या लाईनचा टोन कानावर आला की पुढचे आकडे दाबता. हे थांबणं तुमच्या लक्षातही येत नाही इतकी सवय झालेली असते. मशीनला ती सवय नाही, ते सगळे आकडे सलग सोडतं. ईपीएबीएक्स पहिल्या शून्यावर बाहेरची लाईन उचलायला सेकंद दीड सेकंद घेतो, तेवढ्यात मशीनने पुढचे दोनतीन आकडे म्हटलेले असतात आणि ते हवेत जातात. एक्सचेंजला पोचतं ते मुंडकं छाटलेलं.

उपाय सोपा आहे. नंबर परत भरा, पहिला शून्य दाबला की रीडायलचं बटण दाबा. त्याच बटणावर बहुतेक मशीनला पॉज पण लिहिलेलं असतं, नंबर भरताना दाबलं की ते पॉजचं काम करतं. डिस्प्लेवर मध्येच एक पी नाहीतर आडवी रेघ दिसेल. तो एक पॉज म्हणजे साधारण दोन ते साडेतीन सेकंद, ज्या त्या मशीनप्रमाणे. मग पुढे ०२० वगैरे. ईपीएबीएक्स जुना आणि आळशी असेल तर दोन पॉज टाका, बिघडत काही नाही.

खरं म्हणजे फॅक्सला डायरेक्ट लाईनच द्यावी, पण साहेबाला सांगितलं की म्हणतो लाईनचं भाडं कोण भरणार. हे मी शंभर ऑफिसात ऐकलंय.

चिपाड | १२ नोव्हेंबर, ३.०५

गेला!!! पुणे गेला, एका झटक्यात! साहेब तुमच्या पायाचं तीर्थ द्या. मुंबईला पण पॉज टाकला, तिकडे मात्र कोणीतरी माणूस उचलतो, हॅलो हॅलो करतो आणि ठेवून देतो. बँकेचा नंबर तर लागतच नाही.

टोन_द्या | १२ नोव्हेंबर, ४.३०

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी फोर्टला एका क्लिअरिंग एजंटकडे रिसेप्शनला होते, अकरा वर्षं फॅक्सच केले, आयडी उगाच नाही घेतला.

चिपाड, समोर माणूस उचलत असेल तर त्यांच्याकडे फोन आणि फॅक्स एकाच लाईनवर आहे आणि मशीन ऑटोवर ठेवलेलं नाही. तुमचं मशीन त्या माणसाच्या कानात दर तीन सेकंदांनी पीऽ पीऽ करत असतं, नवखा असला की त्याला वाटतं फोन खराब झाला. अशा ठिकाणी बटण दाबून चहाला जायचंच नाही. कागद लावा, रिसीव्हर उचला, मग स्पीड डायलचं बटण दाबा. समोरच्याने उचललं की नीट गोड आवाजात म्हणा, "फॅक्स टोन द्या हो प्लीज." तो स्टार्ट दाबेल, तुमच्या कानात कर्कश्श शिट्टी येईल, ती आली की तुम्ही स्टार्ट दाबा आणि रिसीव्हर ठेवा. शिट्टी यायच्या आत स्टार्ट दाबलात तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसता.

आणि गोड आवाज महत्त्वाचा आहे. मी काही ऑफिसात नुसतं हॅलो म्हटलं की पलीकडून "देते गं" यायचं.

नुसता_वाचक | १२ नोव्हेंबर, ४.४१

टोन द्या हो!! किती वर्षांनी ऐकलं. वाचतोय.

टेलिफोनचा_खांब | १२ नोव्हेंबर, रात्री ९.२०

टेलिफोन खात्यातून निवृत्त, त्यामुळे गप्प बसवत नाही.

बँकेचा नंबर वहीत आणि बटणात एकच आहे का ते ताडून बघा. साधारण २००२-०३ च्या सुमाराला सगळीकडच्या लँडलाईन नंबरांच्या सुरुवातीला २ लागला, मुंबईचे सात आकडी आठ आकडी झाले. माणसांनी डायऱ्या बदलल्या, लेटरहेडवर रबरी शिक्के मारून २ घातला, फॅक्सच्या पोटातले नंबर कोण बदलणार? मशीन त्याच्या आधीचं असेल तर पोटात अजून विनादोनचे नंबर निघतील. आम्ही एक्सचेंजला बाई बोलायची टेप लावायचो, नंबर बदललाय, आधी दोन लावा वगैरे, आणि पलीकडून फॅक्स मशीन त्या बाईलाच पीऽ पीऽ करून दाखवत बसायचं. त्याला बोललेलं कळत नाही, त्याला फक्त शिट्टी कळते. मिनिटभर वाट बघणार, ठेवणार, थोड्या वेळाने परत लावणार.

यावरून एक खरी हकिकत. नव्वदच्या दशकात एसटीडी महाग होतं आणि रात्री अकरानंतर पाव रेट. त्यामुळे शहाणी ऑफिसं कागद संध्याकाळी मशीनला लावून जायची, वेळ अकरा पाचची भरून ठेवायची आणि स्पीड डायलचा नंबर द्यायची, की मशीन आपोआप रात्री स्वस्तात पाठवणार. आमच्याकडे एक आजोबा तक्रार घेऊन आले, रोज रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजतो, उचलला की कोणीतरी पक्षी ओरडतो, ठेवला की पाच मिनिटांनी पुन्हा, असा तीनदा, मग शांत. घरातल्यांना वाटायला लागलं काहीतरी बाहेरचं आहे, लिंबू उतरवून झालं होतं. शेवटी आम्ही उलटा शोध घेतला तर एका कंपनीने बटण भरताना शेवटचे दोन आकडे उलटसुलट केलेले. कंपनीचा माणूस म्हणाला, आम्हाला वाटायचं पलीकडचं मशीनच बिघडलंय. तीन महिने!

स्क्रूड्रायव्हर | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४५

काका __/\__

ईमेल_करा_ना | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०२

ईमेल चुकीच्या पत्त्यावर गेला तर निदान लिंबू तरी लागत नाही.

टोन_द्या | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

खांबकाका, लिंबू परवडलं. आमच्याकडे दोन पार्ट्या होत्या, दोघीही एकच माल मागवायच्या, बटणं शेजारीशेजारी, सात आणि आठ. सातवाल्यांना आम्ही जरा कमी रेट द्यायचो, जुने होते. शुक्रवारी संध्याकाळी, लोकल पकडायची घाई, मी सातचं कोटेशन आठला टाकलं. रिपोर्ट आला ओके. ओके म्हणजे काय, तर कोणत्यातरी मशीनने कागद घेतला. कोणाच्या मशीनने घेतला हे ओके सांगत नाही. सोमवारी आठवाल्यांचा फोन, "मॅडम, त्यांना एवढा कमी रेट? आणि आम्ही कोण?" साहेबांनी मला काही बोललं नाही, नुसतं बघितलं. त्या बघण्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आठ नंबर रिकामा केला आणि त्या पार्टीला दुसऱ्या रांगेत खाली टाकलं, बोट चुकलं तरी रिकाम्यावर पडेल. दुसरं, बटण दाबल्यावर डिस्प्लेवर नाव येतं ते वाचल्याशिवाय हात काढायचा नाही. जोडलं गेलं की पुष्कळ मशीनवर समोरच्याने स्वतः भरलेला नंबर पण दिसतो, पण तो त्याने भरलेला असतो, आणि अर्ध्या लोकांनी भरलेलाच नसतो. जागा बदलल्यावर जुनाच राहिलेला असतो असेही बघितलेत.

स्क्रूड्रायव्हर | १३ नोव्हेंबर, ११.३०

नावावरून आठवलं, हसू नका. डिस्प्लेवर इंग्रजी अक्षरं, ती पण पंधरासोळाच मावतात, आणि आकड्यांच्या बटणांवरूनच टाईप करायची, म्हणजे एस आणायला सातचं बटण चारदा. एका ऑफिसात गेलो, तक्रार काय तर नावाने शोधलं की सापडत नाही. बघतो तर तिथल्या बाबूंनी प्रत्येक नावाआधी आदराने श्री घातलेलं. मशीन अक्षरवारीने लावतं, त्यामुळे सगळं गाव एसखाली! बाकी मेसर्स, ते सगळे एमखाली. ए ते झेड मोकळं मैदान, एस आणि एममध्ये गर्दी. मी म्हटलं श्री काढा, तर म्हणाले साहेबांच्या नावाचं श्री कसं काढायचं. शेवटी श्री मागे टाकलं, पाटील श्री, असं.

चिपाड, तुम्ही असं करा, मेनूमध्ये रिपोर्ट नाहीतर लिस्ट असं काहीतरी असेल, त्यात टेलिफोन नंबर लिस्ट प्रिंट करा. मशीनच्या पोटात काय काय आहे ते सगळं कागदावर येईल, बटण क्रमांक, नाव, नंबर. मग वही घेऊन बसा. पट्टीवर विश्वास ठेवू नका, पट्टी माणसाने लिहिलीय.

चिपाड | १३ नोव्हेंबर, संध्या. ५.५०

लिस्ट काढली. काय सांगू!

बँकेचा नंबर काकांनी सांगितला तसाच, दोन नसलेला. असे अजून सहा निघाले, त्यातल्या एका बारदान सप्लायरचं दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली म्हणे.

पण खरी गंमत कोल्हापूरची. लिस्टप्रमाणे सहसंचालक ऑफिस बटण नंबर पाचला आहे आणि पट्टीवर ते दहाला लिहिलंय. दहाला आहे एक मळीचे व्यापारी. म्हणजे मी पंधरा दिवस आमचा गाळप अहवाल मळीच्या व्यापाऱ्याला पाठवत होतो. त्यांचं मशीन बहुतेक वेळा बंद असतं म्हणून फार गेले नाहीत, पण तीन गेलेत. आज फोन करून माफी मागितली तर म्हणाले असू द्या, उतारा बघून आनंद झाला.

असं का झालं ते शिपाई मामांनी सांगितलं. खंडेनवमीला ऑफिसातली सगळी यंत्रं पुसून पुजली, फॅक्सला पण हळदकुंकू आणि झेंडूची माळ. तेव्हा झाकण काढून खालची पट्टी पण फडक्याने पुसली आणि परत घालताना उभे दोन तुकडे अदलाबदल झाले. डावीकडचा उजवीकडे. एक ते पाच आणि सहा ते दहा! मी सप्टेंबरात लागलो तेव्हा बरोबर असणार, पण हंगाम नव्हता त्यामुळे मी फॅक्स केलाच नव्हता. बटणांच्या खाचेत अजून हळद आहे.

टोन_द्या | १३ नोव्हेंबर, ६.०५

हळद!!! मी ऑफिसात एकटीच हसतेय.

टेलिफोनचा_खांब | १३ नोव्हेंबर, ८.३०

पट्टी अदलाबदल झाली तर एक नंबरवर काय लिहिलंय आता? तुम्हाला ताकीद नक्की कोणत्या एक नंबरची आहे, पट्टीवरच्या का पोटातल्या?

चिपाड | १३ नोव्हेंबर, ८.५२

काका हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होतो.

नुसता_वाचक | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

रोज तेच चारपाच ठिकाणी जायचं असेल तर ग्रुप करता येतो ना? आमच्या तालुक्याच्या गावी एक पुढारी होते, त्यांच्या ऑफिसात एका बटणावर सगळे पेपरवाले होते, प्रेसनोट लावली की धडाधड जायची.

स्क्रूड्रायव्हर | १४ नोव्हेंबर, १०.१५

येतो. ग्रुप डायल. आधी एकेक नंबर बटणात भरलेला पाहिजे, मग एक रिकामं बटण ग्रुप म्हणून धरायचं आणि त्यात ती बटणं घालायची. कागद एकदाच आत जातो, मेमरीत बसतो, मग मशीन एकेकाला लावतं, एखादा बिझी असेल तर पुढच्याकडे जातं आणि त्याला नंतर परत धरतं. पण तीन गोष्टी. जिथे माणूस उचलून टोन देतो ते ठिकाण ग्रुपमध्ये घालू नका, तुमचं मुंबई बाहेर ठेवा. फोटो असलेला कागद मेमरी खातो, प्रेसनोटला पुढाऱ्याचा फोटो असला की मेमरी फुल ठरलेलं. आणि लोडशेडिंग! मध्येच लाईट गेली तर बटणांतले नंबर बहुतेक मशीनमध्ये टिकतात, पण मेमरीत घेतलेला कागद बऱ्याचदा उडतो. लाईट आली की चिठ्ठी निघते काय काय गेलं त्याची, ती चिठ्ठी लोक जाहिरात समजून फेकतात.

ग्रुप बटण नेहमीच्या बटणांपासून लांब ठेवा एवढं सांगतो. एका ठिकाणी मॅनेजरने बायकोला करायचा फॅक्स ग्रुपवर टाकलेला, पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

ईमेल_करा_ना | १४ नोव्हेंबर, १०.२०

लिहा की.

स्क्रूड्रायव्हर | १४ नोव्हेंबर, १०.२२

नाही.

चिपाड | १५ नोव्हेंबर, ११.००

पुणे, कोल्हापूर आणि बँक असा ग्रुप केला, मुंबई रोज टोन मागून. साडेदहाला सगळं मोकळं. लिस्टची झेरॉक्स भिंतीला लावली, कारण आमचा रोल थर्मल आहे, वर्षात अक्षरं उडतील. सगळ्यांना मनापासून धन्स.

जर्सीकर | ३ फेब्रुवारी २०१९, रात्री ११.१५

धागा वर काढतोय, माफी. गूगलवर दुसरंच शोधताना सापडला आणि सगळा वाचून काढला. न्यू जर्सीत एका क्लिनिकमध्ये फ्रंट ऑफिस सांभाळतो. तुम्हाला वाटत असेल फॅक्स मेला, तर इकडे दवाखान्यात या, दिवसाला शंभर येतात. रेफरल, लॅब रिपोर्ट, औषधांचं अप्रूव्हल, सगळं फॅक्सवर. पेशंटच्या माहितीचा कायदा आहे हिपा म्हणून, १९९६ चा, आणि त्यावर सरकारी आरोग्य खात्याने जे मार्गदर्शन दिलंय त्यात चक्क म्हटलंय की नेहमीचे नंबर मशीनमध्ये आधीच भरून ठेवा म्हणजे कागद चुकीच्या ठिकाणी जायचे नाहीत. म्हणजे आमचं स्पीड डायल हे सोय नाही, सुरक्षा आहे! पण टोन_द्या ताई म्हणतात तेच, भरताना चुकलं तर मग रोज शिस्तीत चुकीच्याच ठिकाणी जातं. आम्ही दर तीन महिन्यांनी लिस्ट काढून प्रत्येक ठिकाणी फोन करून नंबर विचारतो. कंटाळवाणं काम आहे, नवीन मुलाला देतात. तो नवीन मुलगा अजून मीच.

बाहेरच्या लाईनचा किस्सा माझाही आहे. आमच्याकडे बाहेरची लाईन ९ ने मिळते. परदेशासाठी ०११, भारतासाठी ९१. आमच्या डॉक्टरांना पुण्याला एक कागद पाठवायचा होता, मी बटणात भरताना ०११ चा शून्य खाल्ला. आता बघा काय झालं, ९, १, १, आणि पुढे ९१. इकडे ९११ म्हणजे पोलीस! मशीनने त्यांना लावला, त्यांनी विचारलं काय इमर्जन्सी आहे, मशीन म्हणालं पीऽऽ. वर नेमाप्रमाणे परत लावला. वीस मिनिटांनी दारात दोन पोलीस. डॉक्टर बाहेर आले, मी मशीनकडे बोट दाखवलं.

टोन_द्या | ४ फेब्रुवारी २०१९, सकाळी १०.४०

अरे देवा! लिंबूवाल्या आजोबांपेक्षा भारी. मी अजून आहे इथे, फोर्ट सुटलं. पेपरात वाचलं की इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांना जानेवारीपासून नवीन फॅक्स घ्यायलाच बंदी केलीय, मार्च २०२० पर्यंत सगळे काढायचेत म्हणे.

ईमेल_करा_ना | ४ फेब्रुवारी, ११.०५

सहा वर्षांनी माझं म्हणणं पटलं. आणि दोनच महिन्यांपूर्वी जम्मू-काश्मीरात काय झालं विसरलात का, सरकार बनवायचा दावा फॅक्सने पाठवत होते, राजभवनातलं मशीन घेईना, राज्यपाल म्हणाले ईदची सुट्टी होती, मशीनजवळ कोणी नव्हतं.

टेलिफोनचा_खांब | ४ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

त्यांनी फोन करून टोन मागायला हवा होता.

जर्सीकर, तुमच्याकडे लाईन आता इंटरनेटवरून असेल तर फॅक्स अर्ध्यात तुटत असतील. मशीनच्या सेटिंगमध्ये स्पीड ३३६०० किंवा १४४०० असेल तर ९६०० वर आणून बघा, हळू जातो पण जातो.

जर्सीकर | ४ फेब्रुवारी, रात्री ८.१०

काका, तीन आठवडे आयटीवाल्याच्या मागे लागलो होतो. ९६०० केलं, लांबलचक रिपोर्ट पहिल्यांदा अखंड गेले. काय बोलू.

चिपाड आहेत का अजून? त्या एक नंबरच्या बटणाचं काय झालं? मी काल रात्रीपासून तोच विचार करतोय.

चिपाड | ६ फेब्रुवारी २०१९, सकाळी ९.५०

आहे आहे. मेल आला म्हणून बघितलं तर आपलाच धागा! मी आता अकाउंटला, म्हणजे स्कॅनर माझ्याकडे :) मशीन दोन वर्षांपूर्वी स्टोअरला गेलं, अहवाल आता ऑनलाईन.

एक नंबरचं सांगतो. पोटातला एक नंबर म्हणजे जुन्या चेअरमन साहेबांचं घर. आधीच्या क्लार्कना रिटायर झाल्यावर भेटलो तेव्हा विचारलं, की एवढी ताकीद का, काय जायचं तिथे? ते म्हणाले काही नाही, साहेबांच्या घरी फॅक्स नव्हताच. मशीन नवीन आलं तेव्हा उद्घाटनाला साहेबांनी विचारलं, माझा नंबर कुठाय यात? म्हणून एक नंबरला टाकला.

टेलिफोनचा_खांब | ६ फेब्रुवारी, १०.१५

दोन लावून की विनादोनचा?

चिपाड | ६ फेब्रुवारी, १०.२०

विनादोनचा. आणि पॉज पण नाही.